उजवा खालचा कोपरा

नागपूरच्या बालकर्करोग संस्थेत अनुदर्शक बसवला त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि या दोन वर्षांत डॉ. हेमांगी तेलंग यांनी त्याचं एकदाही कौतुक केलं नव्हतं. यंत्र वाईट होतं म्हणून नव्हे. यंत्र उत्तम होतं, हीच तर अडचण होती.

सकाळी नऊ वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या वाचन-कक्षाच्या खिडक्या झाकल्या जात आणि मुलांच्या पोटाचे एमआरआय एकामागून एक स्क्रीनवर येत. कुणाच्या मूत्रपिंडातली गाठ काढून झालेली असे, कुणाला जन्मतःच धोका म्हणून दर तीन महिन्यांनी बोलावलेलं असे. अनुदर्शक आपलं मत एका पिवळ्या वर्तुळाने सांगे. वर्तुळ म्हणजे 'इथे बघा'. वर्तुळ नसलं तर पुढचं मूल. तेलंगबाई संस्थेतल्या सर्वांत जुन्या वाचक. वर्तुळ बरोबर आलं की त्या ओठ घट्ट मिटून घेत, आणि ते बहुधा बरोबरच येई.

संस्थेत त्याला अनुदर्शक कुणीच म्हणत नसे. म्हणत 'वऱ्हाडपांडे सरांचा डोळा'. हे नाव कानावर पडलं की बाई हातातला रिपोर्ट उगाचच पुन्हा पहिल्यापासून वाचू लागत.

यशोधन वऱ्हाडपांडे आणि त्या एकाच वर्गातल्या. शरीररचनेच्या पहिल्या परीक्षेत या माणसाने प्लीहेला मूत्रपिंड म्हटलं होतं, आणि बाईंच्या वह्या उतरवून काढूनच तो पुढे पास झाला होता. शेवटच्या वर्षी मात्र दोन गुणांनी सुवर्णपदक त्याला गेलं. मग तो युरोपात गेला, बाई जिल्ह्याच्या एका जुन्या रुग्णालयात रुजू झाल्या. पंचवीस वर्षांनी तो पांढरी दाढी, मोठं अनुदान आणि अनुदर्शकाची कल्पना घेऊन परतला आणि संचालकाच्या खुर्चीत बसला. ती खुर्ची आपली, असं बाईंनी सहा वर्षं धरून ठेवलं होतं. वर आता म्हणे डोळाही त्याचाच!

मार्चमधल्या एका मंगळवारी बैठकीत डॉ. सलमा काझींनी यंत्राबद्दल विचारलं. मुलांच्या औषधोपचाराचं सगळं त्यांच्याकडे होतं आणि संस्थेत येऊन त्यांना जेमतेम चार महिने झाले होते.

"सर, बाकीची यंत्रं लाखो रिपोर्ट वाचून शिकतात. तुमचं डोळ्यांवरून शिकलं म्हणतात. म्हणजे नेमकं काय?"

वऱ्हाडपांडेंना असा प्रश्न म्हणजे पुरणपोळीचं ताट. ते खुर्चीत पुढे सरकले.

"रिपोर्ट लिहितं ते मन, बघतो तो डोळा, आणि या दोघांचं जमतंच असं नाही. आम्ही अकरा वाचकांसमोर वर्षभर दृष्टिलेखक ठेवला. चित्रावर नजर कुठून निघाली, कुठे थबकली, किती वेळ, कुठे परत आली, हा सगळा माग त्याने टिपला. त्याला आम्ही दृष्टिलेख म्हणतो. मग ज्या गाठी वाचकांच्या हातून सुटल्या होत्या त्यांचे दृष्टिलेख काढून पाहिले. बहुतेक गाठींवर नजर थांबलेली होती! डोळ्याला ती दिसली होती. मनाने 'काही नाही' म्हणून सोडून दिली."

"डोळा हुशार आणि मन मूर्ख?"

"मूर्ख नाही हो. मन थकतं, घाईत असतं, कुणावर तरी रुसलेलं असतं. डोळ्याला एवढे धंदे नसतात. म्हणून आम्ही मन वगळलं, अकरांतला सर्वांत चांगला डोळा निवडला आणि यंत्राला फक्त त्याच्यासारखं बघायला शिकवलं."

"कुणाचा डोळा?"

"ते गुपित आहे." वऱ्हाडपांडे दाढीतल्या दाढीत हसले. "अकरांना नद्यांची नावं दिली होती. कन्हानचा डोळा पहिला आला. कन्हान कोण, ते पाच वर्षं पाकिटात बंद. कुणाच्या डोक्यात हवा जायला नको आणि कुणाला लाजही वाटायला नको."

"पण ज्याचा डोळा, त्याला तरी यंत्राकडे बघून कळत असेल ना?"

"मॅडम, स्वतःचं घोरणं कधी कुणाला ऐकू आलंय?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या अकरांत त्याही होत्या. आपला नंबर तिसरा-चौथा तरी असेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि 'कन्हान कोण' असं विचारल्यावर हा माणूस दरवेळी असं हसतो, याचा अर्थ कळायला काही वेगळी पदवी लागत नव्हती.

त्या दिवशी शेवटचं नाव होतं रुही ढोले, वय वर्षं चार. हिंगणघाटला बापाचं ई-रिक्षा दुरुस्तीचं दुकान. दोन वर्षांपूर्वी गाठीसकट तिचं उजवं मूत्रपिंड काढलं होतं, उरलं होतं ते डावं. एवढी लहान मुलं एमआरआयच्या नळीत हलतात म्हणून त्यांना भूल द्यावी लागते, पण रुहीला कधीच लागली नाही. "मी पाल होते," असं ती सांगे आणि खरोखर भिंतीवरच्या पालीसारखी अर्धा तास चिकटून पडून राही.

स्क्रीनवर तिचं एकुलतं मूत्रपिंड आलं. चित्रात मुलाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, त्यामुळे ते उजवीकडे दिसत होतं. त्याच्या खालच्या टोकाशी चार मिलिमीटरचा एक ठिपका होता आणि ठिपक्याभोवती पिवळं वर्तुळ.

"दोनच शक्यता," वऱ्हाडपांडे म्हणाले. "एक, गर्भावशेष. आईच्या पोटात मूत्रपिंड घडताना काही पेशी घडायच्या राहून जातात, त्यांचा हा पुंजका. तो मसुरीच्या डाळीसारखा चपटा असतो आणि बहुतेकदा आपोआप विरतो. दुसरी शक्यता, अशाच पुंजक्यातून उठलेली नवी गाठ. ती साबुदाण्यासारखी गोल होत जाते. अनुदर्शक म्हणतो, हा गोल व्हायला लागलाय. आजच औषध सुरू केलं तर कदाचित सुरीही लागणार नाही."

तेलंगबाईंनी घसा साफ केला. या क्षणाची तयारी त्या महिनाभर करत होत्या.

"दोन वर्षांत या यंत्राने अठ्ठ्याण्णव वर्तुळं काढली," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडं दोन, प्रत्येकाचं वरचं आणि खालचं टोक, म्हणजे चित्राचे चार कोपरे. गाठींना काही कोपरे कळत नाहीत. प्रत्येक कोपऱ्यात साधारण सारखीच वर्तुळं यायला हवीत. पण उजव्या खालच्या कोपऱ्यात आहेत एक्केचाळीस, आणि उरलेल्या तिन्हींत मिळून सत्तावन्न. याचा अर्थ, ज्या कुणाचा हा डोळा आहे," इथे त्यांनी वऱ्हाडपांडेंकडे बघितलं, "त्याला त्या कोपऱ्याची खोड आहे. डोळा तिरळा आहे! आणि त्या तिरळेपणापायी चार वर्षांच्या पोरीला आपण पुन्हा विष पाजायचं? तिचं एकच मूत्रपिंड उरलंय."

आकडे कुणीच असे मांडून पाहिले नव्हते.

"त्या एक्केचाळिसांतली खरी किती निघाली?" काझींनी विचारलं.

"पुष्कळांचा निकाल अजून लागायचाय," बाई म्हणाल्या. हे खोटं नव्हतं. पण ज्यांचा निकाल लागला होता त्यांची मोजदाद बाईंनी केली नव्हती, आणि ती आपण का केली नाही, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

वऱ्हाडपांडे काहीतरी बोलायला गेले. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं. मग ते म्हणाले, "तेलंग मॅडमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे."

तीन महिने थांबायचं ठरलं.

खाली बाकावर रुही बापाच्या मांडीवर बसून संत्र्याची फोड चोखत होती. प्रफुल्ल ढोले बाईंना बघून उठून उभा राहिला.

"मॅडम, ते पिवळं गोल कायचं होय जी? पोरीले काही हाय का?"

"यंत्राला त्या कोपऱ्याची सवय आहे," बाई म्हणाल्या. "घाबरू नका. तीन महिन्यांनी बघू."

"तुमी पाह्यलं न? मंग झालं," तो म्हणाला आणि त्याने पोरीच्या हातातल्या बिया आपल्या तळहातावर घेतल्या.

बाई त्या रात्री दोन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपल्या.

पुढचे पाच आठवडे त्या तरंगतच होत्या. दिल्लीच्या परिषदेला त्यांनी निबंध पाठवायचं ठरवलं. तिरळ्या डोळ्याचा पुरावा मात्र डोळ्यांनी दिसेल असा हवा होता. यंत्र वापरणाऱ्यांना नुसतं वर्तुळ दिसे, त्यामागे नजर कशी फिरली ते दिसत नसे. तो माग उघडायची परवानगी बाईंनी रीतसर अर्ज करून मिळवली आणि एका दुपारी तंत्रज्ञ मेश्रामबाईंना शेजारी बसवून घेतलं. या दोघींची ओळख त्या जिल्ह्याच्या रुग्णालयापासूनची. तेलंगबाई इथे आल्या, तशा मागोमाग मेश्रामबाईही आल्या.

"रुही ढोलेचाच लावा," बाई म्हणाल्या.

स्क्रीनवर एक हिरवा ठिपका उमटला आणि चालू लागला. डाव्या वरच्या कोपऱ्यातून निघाला, यकृताला वळसा घातला, मधल्या रक्तवाहिन्यांवरून उतरला, डावीकडे खाली गेला, मग उजवीकडे वर, मग उजव्या खालच्या कोपऱ्यात. तिथे थांबला आणि चित्र सोडून पार बाहेर, स्क्रीनच्या डाव्या कडेपलीकडे गेला. क्षणभराने परत आला तो थेट त्याच उजव्या खालच्या कोपऱ्यात.

"बघा, बघा!" बाईंनी टाळीच वाजवली. "मध्येच बाहेर काय बघतोय हा? खिडकीतून फुलपाखरं?"

मेश्रामबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो माग पुन्हा लावला. मग दुसऱ्या मुलाचा लावला, तिसऱ्याचा लावला. प्रत्येक वेळी ठिपका त्या कोपऱ्यात जाई, डावीकडे बाहेर पडे आणि परत तिथेच येई.

"मॅडम, रागावू नका," त्या म्हणाल्या. "पण ही तर तुमची नजर आहे न."

"काहीतरीच काय!"

"आपल्या तिथली ती फिल्म लावायची पेटी आठवते का? उजवीकडची खालची ट्यूब गेलेली होती, नऊ वर्षं कोणी बदलून दिली नाही. तुम्ही त्या कोपऱ्यात पाहत होत्या, मग फिल्म काढून डावीकडच्या खिडकीशी नेत होत्या, उजेडात धरून तोच कोपरा पुन्हा पाहत होत्या. आता फिल्म नाही, पेटी नाही, पण डोळे तुमचे अजून खिडकीशी जातात. मी रोज पाहते. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

वरोऱ्याचा तो सात वर्षांचा मुलगा त्यांना आठवला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याची गाठ त्या अंधाऱ्या कोपऱ्यात त्यांच्या हातून सुटली होती. चार महिन्यांनी, फिल्म खिडकीशी धरल्यावर, दिसली. तेव्हापासून तो कोपरा त्यांनी कधीही एकदाच बघून सोडला नाही. पुढे पेटी भंगारात गेली, सवय डोळ्यांत राहिली.

आणि मग, खरं सांगायचं तर, त्यांना पहिल्यांदा झाला तो आनंद. नुसता आनंद नव्हे, उकळ्या फुटल्या. कन्हान म्हणजे मी! अकरांत पहिली मी! दोन वर्षं ज्या डोळ्याच्या नावाने बोटं मोडली तो माझाच! काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या एकट्याच हसत सुटल्या आणि मेश्रामबाई त्यांच्याकडे काळजीने बघत राहिल्या.

हसू मध्येच थांबलं. स्क्रीनवर रुहीचं चित्र तसंच होतं.

तो कोपरा ही खोड नव्हती. तो कोपरा म्हणजे वरोऱ्याच्या मुलाने शिकवलेली काळजी होती. एखाद्या ठिकाणी दोनदा बघितलं म्हणून तिथे नसलेली गाठ उगवत नाही, असलेली सापडते.

"निकाल लागलेली वर्तुळं काढा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

मोजदाद व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या तिसांचा निकाल लागला होता, सत्तावीस खरी. बाकीच्या कोपऱ्यांतल्या चाळिसांपैकी छत्तीस खरी. दोन्हीकडे दहात नऊ. डोळा तिरळा असता तर त्या कोपऱ्यात खोटी वर्तुळं जास्त निघाली असती. तशी ती नव्हती.

मग बाईंच्या लक्षात दुसरी गोष्ट आली. गाठींना कोपरे कळत नाहीत, हे त्यांनीच भरसभेत सांगितलं होतं. दोनदा बघितलेल्या कोपऱ्यात एक्केचाळीस ठिपके सापडले, तर चारही कोपऱ्यांत मिळून एकशे चौसष्ट असायला हवेत. सापडले अठ्ठ्याण्णव. यंत्राला एका कोपऱ्यात जास्त दिसत नव्हतं. बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांत त्याला कमी दिसत होतं, कारण तिथे ते एकदाच बघत होतं, ज्याच्याकडून शिकलं त्याच्यासारखंच.

सहासष्ट मुलं कुठेतरी होती, थोडी कमी-जास्त. वर्तुळ नाही म्हणून घरी पाठवलेली.

बाई तडक संचालकांच्या खोलीत गेल्या. दार वाजवलं नाही.

"यशोधन, पाकीट कुठाय?"

वऱ्हाडपांडेंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता खण उघडला. पाकीट पिवळं पडलं होतं, आणि त्याची कड आधीच फाडलेली होती.

"केव्हा उघडलंस?"

"पहिल्याच दिवशी."

"तू कितवा?"

ते टेबलावरचा कागददाब इकडून तिकडे सरकवत राहिले. "सातवा. अकरांत सातवा, हेमा."

"मग त्या दिवशी मी सभेत त्या डोळ्याला तिरळा म्हणत होते, तेव्हा का नाही बोललास? 'अगं, तुझाच आहे' एवढं म्हणाला असतास तर मी जागच्या जागी गप्प बसले असते. त्या पोरीचं औषध त्याच दिवशी सुरू झालं असतं."

"तोंडात आलं होतं." त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "मग वाटलं, हे बोललो की यंत्र आजपासून तुझं झालं. कल्पना माझी, अनुदान माझं, राबलो मी, आणि लोक म्हणणार, तेलंग मॅडमचा डोळा. कॉलेजात तुझ्या वह्या, इथे तुझे डोळे. मला नाही सहन झालं."

बाईंना त्याचा गळा धरायचा होता. पण चोराच्या वाटा चोराला ठाऊक. आकडे अर्धे मांडून त्या स्वतः त्याच वाटेने आल्या होत्या. दोघांनी मिळून एका पोरीचे पाच आठवडे खाल्ले होते, आणि भांडून त्यातला एकही परत येणार नव्हता.

"सहासष्ट," त्या म्हणाल्या, आणि हिशोब त्याच्यापुढे मांडला. ऐकता ऐकता वऱ्हाडपांडेंचा हात कागददाबावरच थांबला.

दुसऱ्या दिवशी रुही पुन्हा पाल झाली. ठिपका नऊ मिलिमीटरचा झाला होता आणि पुरता गोल. काझींनी त्याच दुपारी औषध सुरू केलं. शस्त्रक्रिया आता टळणार नव्हती. मूत्रपिंडाचा खालचा भाग काढावा लागणार होता, वरचा वाचणार होता. त्यावर पोर जगेल, वाढेल, पण जन्मभर जपून.

ढोलेला सांगायला बाई एकट्या गेल्या.

"मॅडम, तुमी तर म्हनलं होतं, यंत्राची सवय हाय."

"म्हटलं होतं. चूक माझी होती, यंत्राची नव्हे. तुम्ही तक्रार केलीत तर मी खरं तेच सांगेन."

त्याने खांद्यावर झोपलेल्या रुहीला सावरून घेतलं.

"तक्रारीचं मंग पाहू," तो म्हणाला. "पन आता पाहान, तर दोनदा पाहा जी."

झाला प्रकार दोघांनी लेखी दिला. संस्थेच्या समितीने वऱ्हाडपांडेंची खुर्ची काढून घेतली, बाईंची चौकशी लावली आणि दोघांना एक काम नेमून दिलं. पाच रुग्णालयांतून संस्थेत वाचायला आलेल्या दोन हजार सहाशे मुलांचे जुने एमआरआय वर्तुळाशिवाय, शेजारी शेजारी बसून पुन्हा वाचायचे. संस्थेत अनुदर्शकाला आता सगळे 'तेलंग मॅडमचा डोळा' म्हणू लागले होते. दोन वर्षं हवं होतं ते नाव मिळालं, आणि मिळालं ते सहासष्ट पोरांसकट.

मेश्रामबाईंनी स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर काळा कागद चिकटवला. "तो पाहून झालाय," त्या म्हणाल्या. "आता बाकीचे तीन."

दोन दिवस काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी एकशे बाराव्या मुलाचं चित्र आलं. दीड वर्षापूर्वीचं, खाली 'दोष नाही' असा शेरा आणि बाईंची सही. बाईंनी ते सहा मिनिटं बघितलं, तिन्ही कोपरे दोन-दोनदा. त्यांनी पुढच्या चित्रासाठी हात उचलला.

"थांब," वऱ्हाडपांडे म्हणाले. "डावीकडे वर. यकृताच्या कडेला."

प्लीहेला मूत्रपिंड म्हणणारा हा माणूस. अकरांत सातवा. एवढं सगळं होऊनही, आधी मला दिसायला हवं होतं, हेच त्यांच्या मनात पहिलं आलं.

त्यांनी हात खाली घेतला आणि खुर्ची त्याच्या बाजूला ओढली.

"कुठे?" त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही. दाखव."